खा... खा... खाली

१

माझं चष्म्यांचं दुकान आहे. रविवारी दुपारी ते बंद असतं, म्हणजे पुढचं शटर अर्धं खाली आणि पडद्यामागची खोली उघडी. त्या खोलीत मी एरवी भिंगं घासते. रविवारी घासायचं चक्र बाजूला सारायचं, लांबड्या टेबलावर फडकं मारायचं, खुर्च्या मांडायच्या, आणि आम्ही चार म्हातारी पोरं खेळायला बसायचो. हसू नका. आमच्यातल्या सगळ्यात लहान माणसालाही जवळचं वाचायला चष्मा लागतो, आणि तो लहान माणूस म्हणजे मीच.

खेळ असा. पट नाही, सोंगट्या नाहीत. फासे आहेत, पण तेही अधूनमधून. सगळा खेळ बोलण्यात. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पोर व्हायचं. तो म्हणणार, 'तुमच्यासमोर दार आहे.' आपण म्हणायचं, 'मी दार ढकलते.' जमेल की नाही अशी शंका आली तर फासे टाकायचे. आणि एकदा टेबलावर बोललं गेलं की ते मागे घ्यायचं नाही. 'झालं ते झालं' हा आमचा एकच नियम, आणि तो दादाने घातलेला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लिफ्ट दुरुस्त करतो. गोष्ट तो चालवायचा. आमच्याच लहानपणची गोष्ट, पण घडली तशी नाही. आम्ही शाळेत असताना मासिकांत चित्रं यायची, पुढे जग कसं असेल त्याची: बिनचाकांच्या बस, घरकाम करणारी यंत्रं, भिंतीतले बोलके पडदे. त्यातलं काही आलं नाही, आलं ते भलतंच. दादाच्या खेळात मात्र ते सगळं आमच्या लहानपणीच येऊन चुकलं होतं, आणि येऊन थोडं जुनंही झालं होतं. बस हवेत तरंगायची, पण तिच्या सीटमधून स्पंज बाहेर आलेला. घरोघरी एक यंत्रमामा, पण त्याचा एक डोळा गेलेला, आणि बाबा रोज म्हणणार, 'बघू पुढच्या आठवड्यात.'

काय सांगायचा हो तो! मी भिंगं घासणारी बाई, मला दिसतं तेवढंच दिसतं. पण दादा बोलायला लागला की या खोलीच्या भिंती मागे सरायच्या आणि तापलेल्या तारांचा वास यायचा. समोरच्या दवाखान्यातली सिस्टर, दिवसभर खरी मरणं बघणारी बाई, यंत्रमामा बंद पडला त्या दिवशी इतकी रडली की मला चष्मे पुसायचं कापड द्यावं लागलं. चौथे आमचे मास्तर. जन्मभर गणित शिकवलं आणि खेळात झाले ढब्बू, सगळ्या विषयांत नापास. 'लोकांना पास करून करून कंटाळलो,' म्हणायचे. सिस्टरची हरणी, धावण्यात पहिली. आणि माझी ढापणी. जाड भिंगाची, नको तिथे नाक खुपसणारी. दादा म्हणायचा, हिला वेगळं सोंग आणायला लागतच नाही.

आणि यातली खरी गंमत अशी की एरवी दादाला धड बोलता येत नव्हतं. लहानपणापासून अडखळायचा. माझं घरचं नाव टिंगी, आणि ट हा त्याचा जन्माचा वैरी. 'ट...ट...टिंगे' हेच मी आयुष्यभर ऐकलं. मी बोलायला शिकले ती मुळी त्याची वाक्यं पुरी करायला. दुकानात त्याच्या वतीने मी मागायची, शाळेत त्याच्या वतीने मी भांडायची. गल्लीतल्या एकाने त्याची नक्कल केली तर त्याच्या दंडाला मी कडकडून चावले होते. त्या टेबलाशी मात्र दादाचं एक अक्षर अडायचं नाही. कसं काय, हे मी कधी विचारलं नाही. सुखाने चाललंय तिथे बोट कशाला घाला?

२

मग एका रविवारी दादा म्हणाला, "लिफ्टजवळ एक मुलगा उभा होता."

आमच्या खेळातल्या गावात एक मनोरा होता. त्याला सगळे नुसतं केंद्र म्हणायचे. पोरांचे आईबाप तिथे कामाला, आणि मनोऱ्याच्या खाली ते मोठं यंत्र. दाराशीच लिफ्ट. तिला बटणं नव्हती. आत एक पितळी जाळी होती, तिच्याशी बोलायचं. 'वर' म्हटलं की एक मजला वर, 'खाली' म्हटलं की एक मजला खाली. खाली एकच मजला होता, यंत्राचा, आणि तिथे पोरांनी पाऊल टाकायचं नाही. म्हणजे अर्थातच आम्हाला तिथेच जायचं होतं.

"कोण मुलगा?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्याच वयाचा. अर्धी चड्डी, सोललेला गुडघा. बोलत नाही."

"नाव काय पण?"

"नाव सांगायला त्याला वेळ लागतो," दादा म्हणाला आणि हातातले फासे खुळखुळवत बसला.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तोवर दादा स्वतः कधी खेळात उतरला नव्हता. तो आम्हाला 'तुम्ही गेलात, तुम्ही पाहिलंत' असं सांगायचा आणि आपण काठावर राहायचा. त्या दिवशी मला वाटलं, चला, आला बाई एकदाचा. बरंच वाटलं खरं तर. पुढच्या रविवारीही मुलगा तिथेच. त्याच्या पुढच्याही. आम्ही मनोऱ्यात शिरलो की दादा सांगायचा, 'तो आहेच,' आणि पुढे काही नाही.

३

"त्याला घेऊ या की आपल्यात," सिस्टर म्हणाली. "किती दिवस बिचारा उभा राहणार?"

दादाने मान हलवली. "नको. त्याला लिफ्ट जमायची नाही."

"न जमायला काय झालं? एक शब्द तर बोलायचा," मास्तर म्हणाले. त्यांच्या मनात खरंच माया होती, पुढे काय होणार हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. "माझा ढब्बू त्याच्या पाठीवर थाप मारतो. म्हणतो, जा रे वाघा, पहिला तू. हुकूम तूच दे!"

टेबलावर बोललं गेलं. झालं ते झालं.

दादाने ओठांवरून जीभ फिरवली. "मुलगा लिफ्टमध्ये शिरला. जाळीसमोर उभा राहिला." मग त्याने मुलाचा आवाज काढला, आणि त्या टेबलाशी दादा पहिल्यांदाच अडखळला.

"खा..."

मी 'खाली' म्हणायला तोंड उघडलंच होतं. जित्याची खोड! सिस्टरने माझ्या मनगटावर हात ठेवला. "बोलू दे त्याला."

"खा... खा... खाली."

रस्त्यावरून एक सायकल गेली तिची घंटी ऐकू आली. मग ती घंटीही नाही. दादा इतका हळू बोलला की आम्ही तिघं पुढे वाकलो.

"दार लागलं. तुम्ही बाहेरच. लिफ्ट एक मजला खाली गेली. मग आणखी एक. मग आणखी एक. तिने तीन हुकूम ऐकले."

"पण खाली मजला एकच आहे ना?" मास्तर म्हणाले. शेवटी गणिताचा माणूस.

"होता," दादा म्हणाला.

मी म्हटलं, "माझी ढापणी ओरडते. वर! वर म्हणते."

"जाळी आतल्या बाजूला आहे, टिंगे."

मला वाटलं मी चुकून ऐकलं. तो उठला, फासे डबीत टाकले आणि त्या दिवशीचा खेळ तिथेच थांबला. पायऱ्या उतरून तो गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की त्याने माझं नाव एका दमात घेतलं होतं. म्हटलं असेल, खेळाच्या तारेत होता.

४

सोमवारी सकाळी दुकानात फोन.

"टिंगे, माझ्या चष्म्याची काडी सैल झाली आहे. संध्याकाळी घेऊन येतो."

मी विचारलं, "कोण बोलतंय?"

संध्याकाळी आला तो. तोच माणूस, तेच तेलाचे डाग पडलेले हात. पण बोलणं कसं, तर नळ सोडल्यासारखं. वहिनी बरोबर होती आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. सकाळी म्हणे त्याने दूधवाल्याला हिशेबातली चूक स्वतः समजावून सांगितली. सिस्टरला मी विचारलं तर ती म्हणाली, "होतं गं असं कधीकधी. ताण गेला की सुटते जीभ. पेढे वाट!" मास्तर तर म्हणाले, आमच्या खेळाने जे केलं ते डॉक्टरांना जमलं नाही.

मलाही आनंद झाला. झाला हो, का नाही होणार? ज्या माणसाने जन्मभर ट आला की शब्द बदलला, तो आता घडाघडा बोलतोय, याहून बहिणीला काय हवं? मी काडीचा स्क्रू पिळत होते. दादा स्टुलावर ताठ बसला होता. मी चष्मा त्याच्या नाकावर ठेवून बघितला, कानामागे नीट बसवला.

"आभारी आहे," दादा म्हणाला.

मला! आमच्याकडे भावाने बहिणीला 'बरं झालं' एवढं म्हटलं तरी डोक्यावरून पाणी. मी म्हटलं, "चल, चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही," तो सरळ म्हणाला. "तुम्ही काम चांगलं करता."

तुम्ही. माझ्या हातातला बारका स्क्रू खाली पडला आणि तो शोधायचं निमित्त करून मी बराच वेळ टेबलाखालीच राहिले.

५

खेळ मात्र असा रंगायला लागला की बघत राहावं. मी नावं ठेवणार नाही, उगाच खोटं कशाला बोलू? दादाने आम्हाला मनोऱ्याच्या टोकावर नेलं. तिथून दुसऱ्या गावांचे मनोरे दिसायचे, रांगेने, निळसर, आणि त्यांच्या मधून मोठमोठी जहाजं ढगांना घासत जायची. त्यांच्या पोटातले दिवे तो एकेक करून लावायचा आणि आम्ही आ वासून बघत राहायचो. मास्तर म्हणाले, "हा माणूस लिफ्टच्या खड्ड्यात फुकट गेला."

पण स्पंज कुठे गेला? यंत्रमामाचा फुटका डोळा? पोरांना भूक लागेना, पोरांना घरी मार बसेना, कोणाचे गुडघे सोलले जाईनात. सगळं लखलखीत. नवी काच लावली की धुरकट दिसत नाही तसं. आणि मी काचेचीच बाई, मला माहीत आहे, काच कितीही चांगली असली तरी डोळा आपला लागतो.

एकदा खेळ संपल्यावर मी त्याला थांबवलं. "दादा, मी कोणाला चावले होते रे, आठवतंय?"

"चावलात? तुम्ही?" त्याने विचार केला. अगदी मनापासून केला. "असेल."

"आणि तू आईपासून लपवायला माझ्या फ्रॉकच्या बाहीने त्याचं रक्त पुसलंस."

"असेल," तो पुन्हा म्हणाला आणि हसला. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाशी हसावं तसं हसला.

आई नाही, बाबा नाहीत. मी लहान होते याचा एकच साक्षीदार जगात उरला होता, आणि तो 'असेल' म्हणत होता. मी वहिनीशी बोलले तर तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुमचं आपलं काहीतरीच! बोलतोय ना माणूस? की त्याने अडखळत राहावं आणि तुम्ही त्याची वकिली करत राहावं, असं हवंय तुम्हाला?"

मी घरी आले. खोटं नव्हतंच ते सगळं. रात्रभर मी स्वतःलाच विचारत होते, तुला भाऊ हवाय की भावाचं अडखळणं? आणि दर वेळी एकच उत्तर येत होतं. मला तो मुलगा हवा होता. सोललेल्या गुडघ्याचा.

६

दादा ज्या इमारतीत काम करत होता तिथे मी गेले. डबा द्यायचं निमित्त. जुनी इमारत, जिन्यात फिनेलचा वास, लिफ्टला सरकतं लोखंडी दार. दादा रहिवाशांना समजावून सांगत होता, आणि चारपाच माणसं मान डोलावत होती. पूर्वी तो नुसता पान्हा दाखवायचा आणि लोक काय ते समजून घ्यायचे.

लोक पांगल्यावर मी लिफ्टच्या दाराशी उभी राहिले. खालचा खड्डा दिसत होता. काळंभोर तेल, एक जुनी चप्पल, कोणाचं तरी पडलेलं कागदी विमान. आणि तिथून आवाज आला.

ट... ट...

मी मागे बघितलं. दादा हात पुसत होता.

ट... ट... ट...

आणि थांबला. पुढचं अक्षर येण्याआधी जसं थांबायचं असतं, तसाच. मग दम घेऊन पुन्हा. चाळीसेक वर्षं मी ती जागा भरत आले आहे, मला ती जागा कळणार नाही?

"दादा, कसला आवाज?"

"रिले आहे," दादा म्हणाला. "वीज जोडणारा एक तुकडा असतो, जुना झाला की असा टकटकतो. नवा मागवला आहे. मंगळवारी बसवतो, मग बंद होईल."

"खालून येतोय पण."

"रिले वर असतो," तो शांतपणे म्हणाला. "खड्ड्यात घुमतो म्हणून तसं वाटतं."

पटलं मला. खरंच पटलं. डोळा फसवतो तसा कानही फसवतो, मीच रोज लोकांना सांगते. लिफ्टच्या खड्ड्यात आवाज घुमणारच, आणि बहिणीला हवं ते ऐकू येणारच. मी जिना उतरायला लागले. निम्म्यात पोचले तेव्हा मागून, खोलवरून, पुन्हा आलं. ट... ट... आणि त्यानंतरची ती जागा. मी कठडा धरून उभी राहिले. 'आले, आले हं,' असं माझ्या तोंडून निघून गेलं, आणि खाली आवाज एकदम बंद झाला. कोणीतरी ऐकल्यासारखा.

मंगळवारच्या आधी मध्ये एकच रविवार होता.

७

त्या रविवारी ऊन चांगलं होतं. खिडकीतून टेबलावर एक पट्टा पडला होता. दादाने जहाजांपासून सुरुवात केली. मी त्याला पुढे जाऊ दिलं नाही.

"माझी ढापणी मनोरा उतरते. लिफ्टशी जाते, आत शिरते."

मास्तर कुरकुरले, "बाई, आता कुठे जहाजात बसायला मिळत होतं!"

"बसा तुम्ही. ती एकटी जाईल. जाळीसमोर उभी राहते आणि तीनदा 'खाली' म्हणते. खाली, खाली, खाली."

दादा जरासुद्धा न अडता म्हणाला, "लिफ्ट एक मजला खाली गेली. यंत्राचा मजला आला. त्याच्या खाली मजला नाही. लिफ्ट शहाणी आहे, नसलेल्या मजल्यावर जात नाही. बाकीचे हुकूम तिने सोडून दिले."

"मग तो कसा गेला?"

"कोण?"

"तुला माहीत आहे कोण!"

दादाने चष्मा काढला, पुसला, घातला. "त्याच्यामुळे खेळ अडत होता," तो म्हणाला. अगदी गोड आवाजात. "आता छान चाललंय ना? सगळ्यांना आवडतंय. तिथे जाऊ नका."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच तिच्याही कपाळाला आठी दिसली.

मला कळलं काय करायचं ते, आणि जीव नकोसा झाला. जे दुसऱ्याने केलं म्हणून मी दात रोवले होते, जे आयुष्यात गंमत म्हणूनही कधी केलं नव्हतं, ते आता त्याच्याच तोंडावर करायचं. मी दादाच्या डोळ्यांत बघितलं. मनात म्हटलं, माफ कर रे राजा.

"ढापणी जाळीसमोर उभी राहते आणि म्हणते..."

नक्कल करायची म्हणून मी 'खा' म्हटलं. आणि पुढचं अक्षर आलंच नाही. खरंच नाही. जीभ टाळूला चिकटली, गळ्याशी भिंत उभी राहिली. शब्द पलीकडे दिसतोय, सगळे तोंडाकडे बघताहेत, आणि वाट नाही. हा माणूस हे रोज करायचा. दुकानात, शाळेत, स्वतःच्या लग्नात. रोज उठून ही भिंत चढायचा आणि तरी माणसांत यायचा. त्याच्याइतकं धैर्य मी कोणात बघितलं नाही, आणि इतकी वर्षं मला वाटत होतं, धीट मी आहे.

"खा... खा... खाली."

खुर्ची खाली जातेय असं वाटलं. टेबलावरचा उन्हाचा पट्टा हलला. भिंतीवर चढला, छतापर्यंत जाऊन नाहीसा झाला. खालून दुसरा पट्टा आला, थोडा मळकट. तोही वर गेला. मग तिसरा, जेमतेम उजेड म्हणावा असा. "बाई, बरं वाटत नाहीये का?" मास्तरांचा आवाज आला, पण वरच्या मजल्यावरून यावा तसा. आणि काहीतरी टेकलं.

दुपारी नीट जेवले नव्हते, चक्कर आली असेल. पट्टा ढगामुळे हलला असेल. हे सगळं मी त्याही वेळी स्वतःला सांगितलं. सांगत सांगत उठले आणि पडदा बाजूला केला.

तिथे माझं दुकान असायला हवं होतं.

८

जास्त काही दिसलं नाही. तापलेल्या तारांचा वास होता. भिंत हाताच्या अंतरावर होती आणि ओली होती. दूरवर काहीतरी मोठं, संथपणे फिरत होतं, आणि ते फिरलं की पायाखालची जमीन थोडी दबायची. आणि पुढ्यातच, भिंतीला पाठ लावून बसलेल्या पोराचा सोललेला गुडघा.

त्याच्या तोंडाकडे मी बघितलं नाही. धीर झाला नाही. हात पुढे केला. त्याने तो धरला. बोटं बर्फासारखी होती, पण पकड माझ्या ओळखीची. रस्ता ओलांडताना माझा हात धरायचा तीच.

मी ओढलं तसा तो सरकला, पण सगळा नाही. त्याचा दुसरा हात मागे ताणलेला होता, अंधारात. काहीतरी धरून ठेवल्यासारखा. किंवा कोणीतरी तो धरून ठेवल्यासारखा. मी आणखी ओढलं. तो आला, आणि तो हातही हळूहळू त्याच्या मागोमाग आला, अजून मागे ताणलेलाच.

'वर' म्हणायचं होतं. माझ्या ओठांवर होतं. पण मी म्हटलं असतं तर एक मजला. तो स्वतःच्या बोलण्याने इथवर आला होता, त्याला त्याच्याच बोलण्याने वर जायचं होतं. मी दातांत जीभ धरली. रक्ताची चव आली तरी सोडली नाही.

"व..." त्याचा आवाज. देवा, किती बारीक!

थांब टिंगे. थांब.

"व..."

मग ती जागा. किती लांब होती सांगता येत नाही. ते मोठं फिरणारं थांबलं होतं, तेही जणू वाट बघत होतं. मला वाटलं, संपलं, याला जमायचं नाही, आम्ही इथेच राहणार. आणि माझ्या पाठीमागून, टेबलाकडून, बाप्याच्या घोगऱ्या आवाजात तो शब्द पुरा झाला.

"वर!"

उन्हाचे पट्टे भिंतीवरून खाली उतरत गेले. डोळ्यांसमोर लख्ख झालं. मी पडद्यात उभी होते, एक हात पुढे, मूठ घट्ट मिटलेली. पडद्यापलीकडे चष्म्यांची कपाटं होती, अर्धं शटर होतं, फरशीवर ऊन होतं. माझी मूठ गार पडली होती. मी वळले.

दादा टेबलावर पालथा पडल्यासारखा झाला होता. खांदे हलत होते. त्याने मान वर केली. चेहरा घामाने आणि पाण्याने भिजलेला, आणि तोंड उघडं, ओठ थरथरताहेत, हनुवटी पुढे आलेली. शब्दाच्या दारात अडकलेला माझा दादा!

"ट..." तो म्हणाला. "ट... ट... टिंगे."

मी धावले, त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि भोकाड पसरलं. लाज नाही, शरम नाही. मास्तर नाक शिंकरत होते. सिस्टर हसत होती आणि रडत होती. "तुझी ती ब... ब... बाही," दादा म्हणाला, "रक्ताची," आणि मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. इतकं सुख मला कधी झालं नाही. जन्मात नाही.

मग त्याने मला थोडं बाजूला केलं. माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं.

"आ..." तो म्हणाला. "आ... आ... आम्ही आलो."

आपण नाही म्हणाला. मला धरून बोलला असता तर आपण म्हणाला असता. आणि एकटा आला असता तर, मी.

पडद्यापलीकडे, गिऱ्हाइकांच्या बाकावर कोणीतरी बसल्यासारखं करकरलं. सिस्टर डोळे पुसत उठली. "कोण आलंय बाहेर? शटर तर..."

मी तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. दादाचं तोंड अजून उघडंच होतं, पुढच्या शब्दावर अडलेलं. त्या शब्दाचा 'द' मला ओठांवर दिसत होता, आणि तो शब्द 'दोघं' आहे तेही मला कळलं होतं.

"बस," मी म्हटलं. "त्याचं अजून बोलून झालेलं नाही."